हवामान तर आधीपासूनच बदलत आलंय, मग भारताने कोळसा का सोडायचा?

तुम्ही विचारलंय की घरातले वडीलधारे म्हणतात, हिमयुगं काय माणसाने आणली होती? हवामान आपोआप बदलतं, आणि आपल्याला कोळसा सोडायला सांगणं हा श्रीमंत देशांचा डाव आहे. त्यांना काय सांगावं?

विदर्भातल्या एका थर्मलमध्ये, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रात, मी एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी कंट्रोल रूममध्ये. कोळशावरच माझं घर चाललं, मुलांची शिक्षणं झाली. कोळशाला शिव्या घालणारं उत्तर माझ्याकडून येणार नाही. पण या बोलण्यात दोन प्रश्नांची गाठ बसली आहे. तापमान कशाने वाढतंय, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न. कोळसा कुणी, कधी आणि कुणाच्या पैशाने सोडायचा, हा न्यायाचा. दुसऱ्या प्रश्नाबद्दलचा त्यांचा राग मला पटतो. त्या रागापायी पहिल्याचं उत्तरच नाकारणं पटत नाही.

आधी हिशेब मांडतो. २१० मेगावॉटचा वीजनिर्मिती संच पूर्ण लोडवर चोवीस तास चालला की सुमारे ५० लाख युनिट देतो. आपल्याकडचा कोळसा युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम लागतो, म्हणजे दिवसाला ३,५०० टन. जवळपास अख्खी मालगाडी. त्यातून बाराशे टनांच्या आसपास राख निघते. राख सगळ्यांना माहीत असते, कारण ती गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, फुटलेल्या कापसावर बसते. तिच्यासाठी मोर्चे निघतात आणि निघायलाच हवेत. पण त्याच दिवशी चिमणीतून पावणेपाच हजार टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जाळलेल्या कोळशाहून जास्त वजनाचा, कारण कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेतो. त्याला रंग नाही, वास नाही. माझ्या सगळ्या नोकरीत त्याच्याबद्दल एकाही गावकऱ्याची तक्रार मी ऐकली नाही.

हा वायू उष्णता अडवतो, हे जॉन टिंडलने १८५९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. कोळसा जाळत राहिलो तर पृथ्वी किती तापेल याचं गणित स्वांते अऱ्हेनियसने १८९६ मध्ये मांडलं. तेव्हा ना सौर पॅनेल होते, ना हवामान परिषदा. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून रोज मोजणी होते. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर गेलाय.

तो आपल्याच चिमण्यांतला कशावरून, हा प्रश्न मलाही पडला होता. ज्या पुराव्याने माझं समाधान झालं तो सांगतो. हवेत कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन सतत तयार होत असतो आणि दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. आपला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, त्यात तो शिल्लकच नाही. म्हणजे कोळशाचा धूर हवेत मिसळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला हवं. झाडांच्या खोडातली वर्षवलयं तपासून हान्स स्यूसने १९५५ मध्ये नेमकं हेच दाखवलं. ज्वालामुखीचा कार्बनही जुनाच असतो, हे खरं. पण वनस्पतींपासून झालेल्या कोळशात कार्बन-१३, म्हणजे कार्बनचाच थोडा जड प्रकार, कमी असतो, आणि हवेतला कार्बन-१३ सुद्धा घटतोय. शिवाय माणूस वर्षाला ३५ अब्ज टनांहून जास्त वायू सोडतो, सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या एक टक्काही नाही.

हिमयुगांचं म्हणणं मात्र मान्य करा, ते बरोबर आहे. पृथ्वीच्या कक्षेत हजारो वर्षांत होणाऱ्या फरकांमुळे ती सुरू झाली आणि संपली. शेवटचं हिमयुग सरताना या वायूचं प्रमाण दहा लाखांत १८० वरून २८० भाग व्हायला काही हजार वर्षं लागली. १९५८ नंतरची शंभराहून जास्तीची भर माझ्या एका आयुष्यात पडली. आणि सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते थंड होताहेत.

आपल्या बाजूचे लोकही वाहवत जातात. २०१९ ला कोल्हापूर-सांगली बुडालं तेव्हा सगळं खापर हवामान बदलावर फोडलं गेलं. पूररेषेतली बांधकामं, धरणांतून पाणी सोडण्याची वेळ, हे कुणी बोलायचं? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की १९५० पासून मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हे पुरेसं गंभीर आहे, त्यात आणखी मीठमसाला नको.

आता कोळशाचं. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन वायू सोडला जातो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. तुमच्या वडीलधाऱ्यांचा राग इथे रास्त आहे. पण थर्मलची अडचण परदेशातून आलेली नाही. २०१५ मध्ये परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. माणसांना प्यायला टँकर आणि बॉयलरला नदी, हे चालणारं नव्हतं. दुसरीकडे सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज मिळाली की रात्री बॅटरी घेऊन, साप-बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जाणं टळतं. माझा चुलतभाऊ अशी कित्येक वर्षं रात्रपाळी करत होता. हा कुणा परक्याचा डाव कसा?

तरी थर्मल उद्या बंद करा म्हणणाऱ्याने एक संध्याकाळ कंट्रोल रूममध्ये बसून पाहावं. ऊन उतरतं आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. दुपारी लोड कमी करून ठेवलेला संच तासाभरात वर चढवावा लागतो. बॉयलरच्या नळ्यांवर त्याचा ताण येतो, ट्यूब लीकेज वाढतं. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म, म्हणजे सौर, पवन, जल, अणू असा झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे युनिट नव्हेत. प्रत्यक्ष वीज आजही सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच. म्हणून माझं मत असं की नवे थर्मल बांधण्याऐवजी तो पैसा साठवणुकीत घालावा. घाटघरला दोन जलाशय बांधून २५० मेगावॉटची सोय केलीच आहे. रात्री पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडायचं. सौर वीज आली तर ते दुपारी चढवता येईल. सह्याद्रीत अशा आणखी जागा आहेत. जुने संच तोवर चालू राहू देत.

एका गोष्टीचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. कोल हँडलिंगला, म्हणजे कोळसा उतरवून बॉयलरकडे पोचवणाऱ्या विभागात, कंत्राटावर बेल्टखालचा कोळसा फावड्याने उचलणारे शेकडो लोक आहेत. कायम कामगारांना पेन्शन, बदली, काहीतरी मिळेल. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही.