ग्राइंडर खाली, प्रयोगशाळा वर: चालेल का?

प्रश्न: मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. रत्नागिरीजवळ किनाऱ्यालगत प्लास्टिक प्रदूषणाचे संशोधन व पुनर्प्रक्रिया, दोन्हींसाठी एकच इमारत योजली आहे. तळमजल्यावर यंत्रे, वर प्रयोगशाळा, मधे उघडा चौक. योग्य आहे का?
– एक वाचक

उत्तर: चौक अजिबात नको. वाळूत वा पाण्यात 5 मिमीपासून थेट काही मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) प्लास्टिकचे कण शोधायचे असतात. प्लास्टिकचा चुरा करणाऱ्या ग्राइंडरची धूळ गरम हवेबरोबर चौकातून वर चढते आणि नमुन्यात पडते. नमुन्यांसोबत, नमुना न गाळलेला एक कोरा फिल्टरही तपासतात. त्यावरच कण सापडू लागले की त्या खेपेचे सगळे आकडे संशयास्पद ठरतात. शिवाय यंत्रांच्या हादऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाचे काम बिघडते. म्हणून दोन वेगळ्या इमारती आणि वेगळे पाये हवेत.

प्रयोगशाळा समुद्राच्या बाजूला घ्या. दुपारचा आणि पावसाळ्यातला वारा तिकडूनच येतो. मात्र हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून वाहतो, तेव्हा केवळ दिशेवर विसंबू नका. हेपा फिल्टरमधून (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या गाळणीतून) हवा आत सोडून खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवा आणि दाराआधी दोन दारांची छोटी खोली ठेवा. इथे हमखास एक चूक होते: नमुन्यातला जैविक कचरा नष्ट करायला हायड्रोजन पेरॉक्साइड हे रसायन वापरतात, त्यासाठी फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारे बंदिस्त टेबल) लागतो, आणि तो भरपूर हवा बाहेर ओढतो. तेवढी हवा आत येण्याची सोय नसेल, तर दाब उलटतो व धूळ दारातून आत येते. पडदे, गालिचे नकोत. इपॉक्सी रंगाचे पोपडेही नमुन्यात जातात. फरशी टाइल्सची, टेबले स्टीलची, कोट सुती.

यंत्रशाळेत सर्वांत ऐसपैस जागा वर्गीकरणाला द्या. पाण्याच्या टाकीत पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पण पेट (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक) आणि पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक) दोन्ही बुडतात. पेट वितळायला सुमारे 250 अंश सेल्सिअस लागतात. त्या तापमानाला पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. तयार होणारा प्लास्टिकचा दाणा पिवळा पडतो, एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राचा) स्क्रू गंजतो. त्यामुळे पीव्हीसी टाकीआधीच वेचून काढावी लागते.

प्रश्न: धुण्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडले तर?
– त्याच वाचक

उत्तर: सोडू नका. त्यात प्लास्टिकचा बारीक चुरा असतो. खड्डा बुजतो आणि चुरा जमिनीत उतरतो. जाळी, मग निवळण टाकी, मग वाळूचा फिल्टर, आणि पाणी पुन्हा धुण्यालाच. पॉलिथीनचा चुरा तळाशी बसत नाही, म्हणून टाकीवर तरंगता थर काढणारी सोय लागते. फिल्टर उलट दिशेने पाणी सोडून धुतल्यावरचे पाणी गटारात न सोडता परत निवळण टाकीतच न्या.