वारेची चिप कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते

आपला प्रश्न असा आहे की, वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या, चिपवर (मानवी पेशी लावलेल्या छोट्या प्रयोग-उपकरणावर) एखादे औषध आईच्या बाजूकडून गर्भाच्या बाजूला गेले नाही, तर ते गरोदरपणात सुरक्षित आहे असे एम. फार्म.च्या प्रबंधात लिहिता येईल का. तसे लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर औषध तपासण्याचा आग्रह मात्र रास्तच आहे. गरोदरपणातील मळमळीवरही घेतले जाणारे थॅलिडोमाइड हे औषध 1957 साली पश्चिम जर्मनीत बाजारात आले, 1961च्या अखेरीस तिथे मागे घेतले गेले आणि त्याच्यापायी जगभरात दहा हजारांहून अधिक बालके व्यंगासह जन्मली. तरीही उंदरांच्या पिल्लांत हे व्यंग सहसा दिसत नाही, कारण हे औषध ज्या सेरेब्लॉन प्रथिनाला चिकटते, ते त्यांच्यात थोडे वेगळे असते. शिवाय उंदराच्या वारेत आईचे रक्त आणि गर्भाच्या रक्तवाहिन्या यांच्यामध्ये ट्रोफोब्लास्टचे, म्हणजे वारेच्या बाहेरच्या आवरणातील पेशींचे, तीन थर असतात, तर माणसात एकच. पण हेही ध्यानात घ्यावे, की थॅलिडोमाइड वारेच्या चिपवर घातले असते तर ते पलीकडे जाते एवढेच कळले असते. हातपाय खुंटतील हे कळले नसते, कारण चिपमध्ये वाढणारा गर्भ नसतो.

चिप म्हणजे पेन ड्राइव्हएवढा, पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा. आत केसासारखे बारीक दोन मार्ग, मध्ये सच्छिद्र पडदा, पडद्याच्या एका अंगाला ट्रोफोब्लास्ट पेशी आणि दुसऱ्या अंगाला गर्भाच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी. एका मार्गातून औषध मिसळलेला द्रव संथपणे सोडायचा आणि दुसऱ्यातून येणारे थेंब गोळा करून मोजायचे. (या थेंबांपायी रात्री जागवणारा शत्रू एकच, हवेचा बुडबुडा, तो सकाळपर्यंत सगळा थर सोलून काढतो.)

आता ग्लायब्युराइड या मधुमेहावरील औषधाचे पाहा, ज्याला आपल्याकडे ग्लिबेनक्लामाइड म्हणतात. प्रसूतीनंतरच्या वारेतून द्रव फिरवून 1991मध्ये केलेल्या प्रयोगात ते जवळजवळ पलीकडे गेलेच नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डॅन हू यांच्या गटाने 2018मध्ये चिपवर दाखवले, की बीसीआरपी हे वाहक प्रथिन त्याला आईच्या बाजूला परत ढकलते आणि ते प्रथिन अडवले की औषधाची गळती वाढते. यंत्रणा समजून घ्यायला याहून चांगले साधन नाही. तथापि 2009मध्ये ते औषध प्रत्यक्ष घेणाऱ्या मातांची तपासणी झाली, तेव्हा नाळेच्या रक्तातील प्रमाण सरासरीने आईच्या रक्तातील प्रमाणाच्या सुमारे 70 टक्के भरले होते. काही तासांचा प्रयोग आणि आठवडेच्या आठवडे घेतलेली गोळी यांत एवढे अंतर पडू शकते.

पेशी कोणत्या, हाही प्रश्न आहेच. सोयीची बीवो ही पेशीमाला (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) मुळात वारेच्या कर्करोगातून आलेली आहे. ताज्या पेशी हव्यात म्हणून आम्ही परळच्या एका प्रसूतिगृहातून, संमती घेऊन, बर्फाच्या डब्यात वार आणत असू. हिंदमाताला पाणी तुंबलेल्या दिवशी टॅक्सीत अडीच तास गेले आणि पेशी निरुपयोगी झाल्या. पण वेळेत पोचली तरी ती पूर्ण दिवस भरलेली वार असते. अवयव घडतात ते पहिल्या तिमाहीत, आणि तेव्हाचा थर जाड व वाहक प्रथिनांचे प्रमाण वेगळे असते. नऊ महिन्यांच्या वारेने दुसऱ्या महिन्याची साक्ष देऊ नये.

मार्च 2023च्या दुरुस्तीने आपल्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांत प्राण्यांविना पद्धतींना जागा मिळाली, म्हणून असे प्रबंध आता उपयोगी पडतील. मात्र ही परवानगी आहे, पुराव्यातील सूट नव्हे.

प्रत्यक्ष कामापुरते सांगतो. पेशी न घातलेल्या रिकाम्या चिपमधून तेच औषध आधी सोडून बघा. सिलिकॉन रबर तेलकट स्वभावाची औषधे स्वतःच शोषून घेते, आणि मग पलीकडे न दिसलेले औषध पेशींनी अडवले की भिंतीने गिळले, हे सांगता येत नाही. द्रवात अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन किती घातले तेही लिहा, कारण ग्लायब्युराइडसारखे औषध 99 टक्क्यांहून अधिक प्रथिनांना बांधलेले असते. निष्कर्षात 'सुरक्षित' हा शब्द काढून 'या पेशींतून, या वेगाने, इतक्या तासांत इतके टक्के पलीकडे गेले' असे लिहा. परीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला, तर उत्तर आपल्या आकड्यांतच असेल.