प्रश्न तुमचे : शहरावरून जाणारा रोपवे

बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे गेट पडले की सगळेच अडकतात. स्टेशन ते वडगाव असा रोपवे झाला तर तो बसइतकी माणसे नेईल का? (एक वाचक, शहापूर)

नेईल. दहा माणसांचा एक डबा दर १२ सेकंदांनी सुटला, तर तासाला ३०० डबे, म्हणजे एका दिशेने ३,००० माणसे होतात. तेवढ्यांसाठी साठ प्रवाशांच्या ५० बस लागतील. सेकंदाला ५ मीटर वेग धरला तर दोन डब्यांत ६० मीटर अंतर राहते. ४ किलोमीटरच्या मार्गावर जाता-येता मिळून सुमारे १३५ डबे फिरतात आणि प्रवासाला १३-१४ मिनिटे लागतात.

खरी अडचण स्थानकांची आहे. तिथे डब्याचा जबडा दोर सोडतो, रबरी चाकांवरून डबा मंदावतो, माणसे चढतात-उतरतात आणि मग जबडा पुन्हा दोर पकडतो. दोर धावतच असतो. यासाठी लांब, सरळ जागा हवी. शहापूरच्या गल्ल्यांत ती कुठून आणणार? दोराला मोठे वळण द्यायचे तर तिथेही स्थानकच उभारावे लागते. कोलंबियातल्या मेडेलिनमध्ये २००४ साली आणि बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये २०१४ साली रोपवे सुरू झाले ते डोंगरउतारावरच्या वस्त्यांसाठी, जिथे बसला वळसे घ्यावे लागतात. बेळगाव त्या मानाने सपाट आहे. फक्त गेटसाठी हा खर्च करण्यापेक्षा रेल्वेवरचा पूल आणि नेमाने धावणाऱ्या बस आम्हाला जास्त पटतात.

सांबरा विमानतळापर्यंत नेता येईल का? (खानापूर)

दहाएक किलोमीटरला याच वेगाने अर्ध्या तासाहून जास्त लागेल. शिवाय धावपट्टीजवळ खांबांच्या उंचीवर बंधन येते. बसच बरी.

वळवाच्या वादळात वीज गेली तर माणसे अधांतरी राहतील ना? (निपाणी)

नुसत्या पावसाने रोपवे थांबत नाही. धोका वाऱ्याचा आणि विजांचा. आषाढाच्या संततधारेपेक्षा एप्रिल-मेमधला वळीव अवघड, कारण झोत अचानक येतो. खांबांवरचे वारामापक आधी वेग कमी करायला लावतात, मग मार्ग रिकामा करून बंद केला जातो. एकाच दोराचा रोपवे साधारण ताशी ६०-७० किलोमीटर वाऱ्यापर्यंत चालतो, तीन दोरांचा त्याहून जास्त वाऱ्यात टिकतो. पण तो बराच महाग.

वीज गेली की डिझेलवरचे वेगळे इंजिन दोर हळूहळू ओढते. वेग सेकंदाला १ मीटर असेल तर ४ किलोमीटर रिकामे व्हायला तासाहून अधिक जातो. म्हणून निविदेत हा राखीव वेग आधी पाहावा.

दोर तुटण्यापेक्षा खांबांवरच्या चाकांवरून घसरण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. घसरलाच तर खांबावरची ठिसूळ दांडी मोडते, सर्किट तुटते आणि मार्ग आपोआप थांबतो. चाकांचे रबर झिजले की ही जोखीम वाढते. दोराच्या आतल्या तुटक्या तारा चुंबकीय तपासणीत सापडतात. दोराची टोके गाठ न मारता एकमेकांत विणतात; ५० मिलिमीटर जाडीच्या दोराला असा सांधा जवळजवळ ६० मीटर लांब असतो आणि तपासणीत तो सर्वांत बारकाईने पाहतात.