कह्वा, गह्वा की अह्वा?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त कुवेतला गेला आहे. जाण्यापूर्वी त्याने पुस्तकावरून चांगली अरबी शिकून घेतली; परंतु तिथे दुकानात तो बोलू लागला की लोक गालातल्या गालात हसतात. फरक एवढा असेल, तर इजिप्त, कुवेत, मोरोक्को यांच्या अरबीला स्वतंत्र भाषा का म्हणत नाहीत? आपल्याकडे गोव्यात तर कोंकणी-मराठीचा असा वाद कायद्यापर्यंत गेला.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी शिकलेली अरबी चुकीची नाही, ती 'फुसहा', म्हणजे कुराणाच्या अरबीवर उभी असलेली प्रमाणभाषा आहे. वर्तमानपत्रे, बातम्या, न्यायालयीन कागदपत्रे तिच्यात असतात. मात्र ती कोणाचीही मातृभाषा नाही. 'मला हवे' यासाठी पुस्तकात 'उरीद' असते, तर कुवेती माणूस 'अबी' म्हणतो, कैरोचा 'आयिझ', दमास्कसचा 'बिद्दी' आणि मोरोक्कोचा 'ब्गीत'. दुकानात 'उरीद' म्हणणे म्हणजे म्हापशाच्या बाजारात मासळीवालीकडे 'मजला बांगडे प्राप्त व्हावेत' असे म्हणण्यासारखे आहे, हसू येणारच.

एका समाजात लिहिण्याची आणि बोलण्याची अशी दोन रूपे नांदतात, त्या स्थितीचे विवेचन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये केले, तेव्हा त्यांनी घेतलेल्या चार उदाहरणांत अरबी होती. घरात कोंकणी आणि भजन-कीर्तन व वाचन मराठीत, अशा घरांत वाढलेल्या गोमंतकीयाला हे फारसे समजावून सांगावे लागू नये. मात्र साम्य इथेच संपते. आपल्याकडे साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र भाषा मानले आणि १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली. अरब देशांत बोलीला तो दर्जा मिळाला नाही आणि त्याचे कारण व्याकरणात शोधून सापडणार नाही.

इजिप्तमध्ये बोलीतच लिहावे असा आग्रह १८९३ मध्ये ज्यांनी जाहीरपणे धरला, ते विल्यम विलकॉक्स ब्रिटिश पाटबंधारे अभियंते होते. देश इंग्रजांच्या ताब्यात असताना इंग्रज अधिकाऱ्याने फुसहा सोडण्याचा सल्ला दिल्यावर तो अरबांना एकमेकांपासून तोडण्याचा डाव वाटला, यात नवल नाही. तो संशय बोलीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला पुढेही चिकटला. गंमत अशी की, अरब ऐक्याचे मोठे पुरस्कर्ते, इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी १९५६ मध्ये सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर करताना लोकांना हसवले, चेतवले, ते बरेचसे इजिप्शियन बोलीतच.

याच्या उलट माल्टा पाहा. तिथली भाषा मध्ययुगातील सिसिलीकडच्या अरबीतून निघाली. परंतु लोक कॅथलिक झाले, लिपी रोमन झाली, १९३४ मध्ये ती राजभाषा झाली आणि आज तिला कोणी अरबीची बोली म्हणत नाही. देवाला ते आजही 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला 'रन्दान', जो शब्द रमजानवरूनच आलेला आहे. मला वाटते, 'भाषा' की 'बोली' हा निवाडा शब्दांतील अंतरापेक्षा कोणाला कोणाबरोबर राहायचे आहे यावर होतो.

एकाच देशातही उच्चारावरून माणूस ओळखला जातो. पुस्तकातील 'क'सारखा घशातला वर्ण जॉर्डनच्या भटक्या टोळ्यांच्या वळणात 'ग' होतो, तर शहरी पॅलेस्टिनी वळणात जवळजवळ गळून पडतो. १९७० मध्ये जॉर्डनचे सैन्य आणि पॅलेस्टिनी संघटना यांच्यात संघर्ष झाल्यानंतर तो 'ग' केवळ सवयीचा राहिला नाही; 'मी इथला' असे सांगण्याची ती खूण झाली. जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये पुरुष आपसात 'ग' आणि स्त्रियांशी बोलताना तो गळालेला, सौम्य शहरी उच्चार वापरताना आढळतात.

तेव्हा चिरंजीवांनी पुस्तक टाकून देऊ नये. पगाराचा करार आणि सरकारी पत्रे त्यांना त्याच भाषेत भेटतील. दुकानात मात्र कॉफी मागताना 'कह्वा' न म्हणता 'गह्वा' म्हणावे. अर्थात, कुवेतमध्ये गल्ल्यावर पुष्कळदा इजिप्शियन माणूस बसलेला असतो आणि त्याच्या तोंडी तीच कॉफी 'अह्वा' असते.