ब्लॅक होल आवडतं, पण फिजिक्सची गणितं नको वाटतात

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. आकाशाचं मला वेड आहे. ब्लॅक होल, दीर्घिका यांवरचे व्हिडिओ रात्र रात्र बघते. फिजिक्समध्ये मात्र साठ-पासष्टच्या वर मार्क जात नाहीत आणि गणितं सोडवायला बसलं की कंटाळा येतो. आमच्या पुस्तकात खगोलशास्त्र जवळजवळ नाहीच. वेगळा ऑनलाइन कोर्स लावू का? बाबा म्हणतात, हौस म्हणून टेलिस्कोप घेऊन देतो, पण करिअरचा विचार सोड, त्यात नोकऱ्या नाहीत. खरंच सोडू का?

उत्तर : सोडू नकोस, पण आजच काही ठरवूही नकोस. तुझ्या पत्रात नोकरीच्या प्रश्नापेक्षा मला ते कंटाळ्याचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. ब्लॅक होलचे व्हिडिओ आवडणं वेगळं आणि खगोलशास्त्र आवडणं वेगळं. व्हिडिओत आपल्याला तयार निष्कर्ष मिळतो. खगोलशास्त्रज्ञाचे दिवस जातात ते निष्कर्ष हाती येईपर्यंतच्या खटाटोपात : आकडे, आलेख, चूक किती असू शकेल याचा अंदाज, आणि भरपूर कोडिंग. हा खटाटोप तुला मानवतो का, एवढंच आधी बघायचं. त्यासाठी कोर्सची गरज नाही.

पुस्तकात खगोलशास्त्र नाही, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. धड्यांच्या नावात नाही, एवढंच. वर्तुळाकार गती, गुरुत्वाकर्षण, भिंगं, वर्णपट, उष्णतेचं प्रारण हे सगळं तेच आहे. एक गणित करून बघ. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्याकडून दर चौरस मीटरला साधारण १,३६१ वॅट मिळतात. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. तेवढ्या त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ काढ आणि गुणाकार कर, सूर्याची एकूण शक्ती आली. तिला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भागलंस की सूर्य दर सेकंदाला किती वस्तुमान गमावतो ते कळतं : चाळीस लाख टनांहून जास्त. सूत्रं दोनच लागली, आणि दोन्ही तुला माहीत आहेत.

आता महिना-दीड महिन्याचं एक काम देतो. १६१०च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चार मोठे चंद्र पाहिले. आज ते दोन्ही डोळ्यांनी बघायच्या साध्या १०×५०च्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगांच्या) दुर्बिणीतूनही दिसतात, फक्त ती ट्रायपॉडवर घट्ट बसवायला हवी. रोज रात्री शक्यतो ठरलेल्या वेळी गुरू बघायचा. वहीत एक आडवी रेघ मारायची, मध्ये गुरू आणि दोन्ही बाजूंना दिसतील तसे ठिपके. तारीख आणि वेळ लिहायची. ढग आले तर तारीख लिहून जागा रिकामी सोडायची, अंदाजाने ठिपका टाकायचा नाही. सुरुवातीला कोणता चंद्र कोणता याचा गोंधळ होईल. हळूहळू लक्षात येईल की एक ठिपका बाकीच्यांपेक्षा बराच लांब जाऊन परत येतो. तो कॅलिस्टो. एका टोकापासून निघून पुन्हा त्याच टोकाला यायला त्याला सुमारे १६.७ दिवस लागतात, पण हा आकडा तू स्वतःच्या नोंदींतून काढायचास. गुरूपासूनचं त्याचं अंतर मात्र पुस्तकातून घे : १८.८ लाख किलोमीटर. लहान दुर्बिणीतून ते नीट मोजणं अवघड आहे.

मग गुरुत्वीय बल आणि अभिकेंद्री बल यांचं समीकरण मांड. अंतराचा घन वर जाईल, आवर्तनकालाचा वर्ग खाली येईल, आणि गुरूचं वस्तुमान मिळेल : १.९ गुणिले १० चा २७वा घात, इतके किलो. म्हणजे पृथ्वीच्या साधारण ३१८ पट. किलोमीटरचे मीटर आणि दिवसांचे सेकंद करायला विसरलीस तर उत्तर भलतंच येईल.

समज, तुझ्या नोंदींतून काळ १७.२ दिवस आला. अर्ध्या दिवसाची चूक, म्हणजे तीन टक्के. वस्तुमान मात्र जवळजवळ सहा टक्क्यांनी कमी येईल. तीनाचे सहा का झाले, हा प्रश्न तुला जेवतानाही सतावत राहिला, तर तुझं वेड व्हिडिओंच्या पलीकडचं आहे. ‘सहा टक्क्यांनी काय फरक पडतो’ असं वाटलं, तर आकाश छंद म्हणून ठेव. त्यात कमीपणा काहीच नाही. हौशी निरीक्षकांनी धूमकेतू आणि सुपरनोव्हा शोधले आहेत.

फिजिक्स आधी का, याचं माझ्या आवडीचं उदाहरण सांगतो. १९२० साली मेघनाद साहा यांनी एक समीकरण मांडलं. एखाद्या तापमानाला आणि दाबाला वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, हे त्यातून काढता येतं. सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने ते ताऱ्यांच्या वर्णपटांना, म्हणजे रंगांत विखुरलेल्या त्यांच्या प्रकाशाला, लावलं. वर्णपटातल्या रेषा ठळक आहेत की फिकट, हे मूलद्रव्य किती आहे यापेक्षा तापमानावर फार अवलंबून असतं, आणि तो भाग वेगळा काढल्यावर तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत असं उत्तर येत होतं. तेव्हाचा समज असा की तारे साधारण पृथ्वीसारख्याच मूलद्रव्यांचे असावेत. हेन्री नॉरिस रसेल या मोठ्या शास्त्रज्ञाने तिचा निष्कर्ष अशक्य ठरवला आणि १९२५च्या प्रबंधात तिने स्वतःच्याच उत्तरावर शंका लिहून ठेवली. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तराला पोचला. या सगळ्यात नवी दुर्बीण कुठेच नव्हती. वर्णपटांचे फोटो असलेल्या काचा आधीच कपाटात होत्या, अणूंचं फिजिक्स तेवढं नवं होतं.

मार्कांबद्दल थोडक्यात. जुन्या उत्तरपत्रिका काढ आणि प्रत्येक चूक कशाची ते बाजूला लिही : संकल्पना कळली नाही, एककं चुकली, की बीजगणितात घसरलीस. बऱ्याच मुलांचं गाडं दहाच्या घातांवर अडतं. ती आठवड्या-दोन आठवड्यांच्या सरावाची गोष्ट आहे, बुद्धीची नाही. संकल्पनाच कच्च्या निघाल्या, तर मात्र ऑनलाइन कोर्स फिजिक्सचाच लाव, खगोलशास्त्राचा नको.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. संशोधनाची वाट लांब असते. पदवी, पदव्युत्तर शिक्षण, मग पीएचडीची चार-सहा वर्षं, त्यानंतर बहुतेकांना दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका, त्याही वेगवेगळ्या देशांत. कायमच्या जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ. हे मी गोड करून सांगणार नाही. पण त्या वाटेवर हाताला लागलेलं काम वाया जात नाही. गोंगाटातून क्षीण सिग्नल शोधणं, मोठ्या डेटावर प्रोग्रॅम लिहिणं, प्रकाशीय उपकरणं आणि सेन्सर जुळवणं येणाऱ्यांना वैद्यकीय इमेजिंगपासून डेटा सायन्सपर्यंत काम मिळतं. शिवाय तुला आत्ता निवडायचंय ते फिजिक्स आणि गणित. खगोलशास्त्राचं वळण पदवीनंतर येतं. जिथे पदवीलाच तो विषय मिळतो, तिथेही सुरुवातीच्या वर्षांत मुख्यतः फिजिक्स आणि गणितच असतं. म्हणजे वडील-मुलीचं भांडण निदान चार वर्षं पुढे ढकलता येईल.

तोवर पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लाग. गाया उपग्रहाने मोजलेल्या शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची माहिती सगळ्यांसाठी खुली आहे, तिच्यातला एखादा लहानसा तारकागुच्छ घेऊन आलेख काढता येतो. २००७ पासून खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड होतं. त्याचे जुने पेपर बघ. पहिल्यांदा एकही प्रश्न सुटला नाही तरी चालेल.

टेलिस्कोप आत्ता नको, बाबांना तसं सांग. स्वस्तातल्या टेलिस्कोपचा स्टँड डुगडुगतो आणि पोरं महिन्याभरात नाद सोडतात. ५० मिलिमीटरच्या भिंगांची चांगली दुर्बीण आणि भक्कम ट्रायपॉड माग. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते, म्हणजे तेवढ्यानेही डोळ्याच्या जवळजवळ पन्नास पट प्रकाश मिळेल. त्या दुर्बिणीतून सूर्याकडे मात्र चुकूनही बघायचं नाही, दृष्टी कायमची जाऊ शकते. आणि गुरू वर्षातले काही आठवडे सूर्याच्या फार जवळ असल्यामुळे दिसत नाही, तेव्हा वही उघडण्याआधी सध्या तो कधी उगवतो-मावळतो ते एखाद्या आकाशदर्शनाच्या अ‍ॅपवर तपासून घे.