आजोबा आणि मी फोनवर वेताळाविषयीच का बोलतो

चि. सोनूस, अनेक आशीर्वाद.

रविवारी आजोबांशी चाललेले माझे बोलणे ऐकून तू विचारलेस, की तुम्ही दोघे तब्येतीची चौकशी दोन वाक्यांत उरकता आणि मग अर्धा तास कॉमिक्सविषयी बोलता. मराठी माणसे वडिलांशी मनातले काही बोलतच नाहीत का? प्रश्न रास्त आहे.

शिरोड्याच्या घरी बाबांना आम्ही अहोजाहो करत असू. मुलांचे कौतुक त्यांच्या तोंडावर केले तर ती शेफारतात, असे मानणारी ती पिढी होती, त्यामुळे त्यांनी कधी पाठ थोपटल्याचे मला आठवत नाही. परंतु बाबा एस.टी.त कंडक्टर होते आणि सावंतवाडीच्या फेरीवरून परतताना स्थानकावरच्या स्टॉलमधून इंद्रजाल कॉमिक्सचा अंक आणत. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. ली फॉक यांचे फँटम, म्हणजे जंगलाची राखण करणारा मुखवटाधारी नायक, आणि जादूगार मँड्रेक तिने घरोघरी पोहोचवले, आणि मराठीत फँटमचा वेताळ झाला. शेजारच्या आरवलीत वेतोबाला, म्हणजे वेताळ देवालाच, आजही भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. तेव्हा रात्री फिरणारा राखणदार आम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अंकावर पहिला हक्क बाबांचा असे. जेवणानंतर ते पडवीत बसून सावकाश वाचत, आणि मी खांबाला टेकून पान उलटण्याची वाट पाहत असे. माझे वाचून झाले की वाद सुरू होई. मँड्रेकला संमोहन येते तर तो पहिल्याच पानावर चोराला का पकडत नाही, हा त्यांचा कायमचा आक्षेप होता. १९७६ साली आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर हा भारतीय नायक मात्र त्यांना मनापासून पटे, कारण त्याच्या गोष्टीतली गावे त्यांना आपली वाटत.

दहावीनंतर मला रत्नागिरीला शिकायला जायचे होते आणि ते बाबांना सरळ सांगण्याची माझी छाती होत नव्हती. मी एवढेच म्हटले, की वेताळालासुद्धा लहानपणी शिकण्यासाठी जंगलातून थेट अमेरिकेला पाठवले होते. बाबांनी अंकातून मान वर न करता उत्तर दिले, "त्येचे सोयरे होते थंय. तुझा कोण आसा रत्नागिरीक?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मात्र पुढच्या आठवड्यात मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज त्यांच्या खाकी पिशवीत अंकाबरोबरच निघाला. मनातले बोलणे याहून वेगळे काय असते, ते मला ठाऊक नाही. या आडवळणाचा तोटाही होतो, हे मी नाकारत नाही. आजारपणासारखी गोष्ट कोणत्याच गोष्टीच्या आडून सांगता येत नाही, आणि तिथे आम्ही दोघे आजही अडखळतो.

ते अंक अजून घरी आहेत. खाऱ्या हवेत पिना गंजतात आणि गंजाचा डाग पानापानांतून उतरतो, म्हणून बाबांनी साऱ्या पिना काढून अंक दोऱ्याने शिवले आणि त्यांचे बाड बांधले. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून ते कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतात आणि ऊन पडले की बाडे पडवीत पसरतात. गेल्या रविवारी आम्ही बोलत होतो ते याविषयीच: एका बाडातला शेवटचा अंक सापडत नाही, आणि तो मी रत्नागिरीला नेला होता असा त्यांचा आरोप आहे. मला तो मान्य नाही.

तू त्यांना स्वतंत्रपणे फोन कर. त्यांना 'कसे वाटते' असे विचारू नकोस, 'ठीक' यापलीकडे उत्तर येणार नाही. वेताळ थोर की बहादूर, एवढे विचार, आणि हाताशी पुरेसा वेळ ठेव.

तुझी,
आई