ग्राफिक्स कार्ड थांबू शकते, आधी पॉलिसीचा हप्ता थांबवा

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या आणि कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या २७ वर्षांच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. दरमहा हातात ३८ हजार रुपये पडतात. त्यांतले २२ हजार ते घरखर्चाला आईकडे देतात, सहा हजार स्वतःला लागतात आणि दहा हजार उरतात. गेमिंग पीसी स्वतः जुळवण्याची त्यांची जुनी हौस आहे. गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये त्यांनी कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग), मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड) आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटर असा ३२ हजारांचा माल घेऊन ठेवला. प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड राहिले असून त्यांच्या यादीप्रमाणे त्याला आज १ लाख २० हजार लागतात. हे भाग आता घ्यावेत, की येत्या दिवाळीपर्यंत भाव उतरण्याची वाट पाहावी, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: "बँकेत ८५ हजार आहेत, पण त्यांतले ६० हजार पुढच्या महिन्यात पॉलिसीच्या दुसऱ्या हप्त्याला जातील, म्हणून ग्राफिक्स कार्ड ईएमआयवर घेणे भाग आहे."

तुमचा प्रश्न फार तर वीस-पंचवीस हजारांचा आहे. हे शेवटचे वाक्य काही लाखांचे आहे. त्यामुळे पीसीकडे मी नंतर येतो.

पॉलिसी तुम्ही बँकेत नोकरीला असलेल्या आतेभावाकडून घेतली, ती 'टॅक्स वाचतो आणि पैसे दुप्पट होतात' म्हणून. आधी टॅक्स पाहू. तुमचा वर्षाचा पगार, पीएफ वगैरे धरून, पाच लाखांच्या आतबाहेर आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि विम्याच्या हप्त्याची वजावट त्या प्रणालीत मिळतच नाही. जुनी प्रणाली निवडली असती, तरी ५० हजारांची प्रमाणित वजावट जाऊन तुमचे करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या खाली येते आणि तेथेही सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे जो कर तुम्हाला कोणत्याही वाटेने लागणार नव्हता, तो वाचवण्यासाठी तुम्ही दर वर्षी ६० हजार भरायचे कबूल केले आहे. हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते असे मानणे मला जड जाते. ठाऊक नसेल, तर त्याने विकायला नको होते.

आता 'दुप्पट' पाहू. दहा वर्षे ६० हजार, म्हणजे एकूण सहा लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर १२ लाख घ्यायचे, असा हा करार आहे. ऐकायला बरे वाटते. परंतु सरासरीने तुमचा प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षे अडकून पडतो, आणि साडेपंधरा वर्षांत दुप्पट होणे म्हणजे वर्षाला साधारण साडेचार टक्के. तेवढीच रक्कम त्याच क्रमाने पीपीएफ या सरकारी बचत योजनेत, आजच्या ७.१ टक्के दराने ठेवली असती, तर विसाव्या वर्षी साडेसतरा लाखांच्या पुढे गेली असती. पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीस ठरवते, तो खालीही येऊ शकतो, हे मान्य. तरी साडेपाच लाखांची दरी भरून निघण्यासाठी तो फारच खाली यावा लागेल.

"पण पहिला हप्ता बुडेल" हे तुमचे पुढचे वाक्य असणार, कारण या ठिकाणी प्रत्येक जण तेच म्हणतो. समजा, भरलेले ६० हजार पूर्ण बुडाले. वर दुसऱ्या हप्त्याचे ६० हजार तुम्ही पीसीवर उडवले. त्यानंतर उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये भरले आणि १५ वर्षांची मुदत संपल्यावर पाच वर्षांची मुदतवाढ घेतली, तरी त्याच विसाव्या वर्षी हाती साधारण १३ लाख येतात. म्हणजे एक हप्ता पाण्यात, एक हप्ता खेळात, आणि तरीही 'गॅरंटीड' १२ लाखांपेक्षा लाखभर जास्त. हा हिशोब तुम्ही स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहावा, अशी माझी इच्छा आहे.

शिवाय सगळे बुडणारही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल आणि पॉलिसीचे पहिले वर्ष पूर्ण झाले असेल, तर सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी सोडल्यावर, कंपनीला काही रक्कम परत द्यावीच लागते. तुमची पॉलिसी त्या तारखेनंतरची आहे. तेव्हा विमा कंपनीकडून, आतेभावाकडून नव्हे, वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडर केल्यास किती मिळेल तो आकडा लेखी मागवा. तो निम्म्याहून कमी आला तरी दचकू नका. वरच्या हिशोबात मी तो शून्यच धरला आहे.

क्रम मात्र चुकवू नका. या पॉलिसीत विमा संरक्षण सहा लाखांचे आहे. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असताना ते संरक्षण म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांचा घरखर्च. ५० लाखांचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, तुमच्या वयाच्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला वर्षाला सहा-सात हजारांच्या आसपास मिळतो आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तो हातात पडल्यावरच जुनी पॉलिसी सोडा. आतेभाऊ नाराज होईल हे तुम्ही लिहिले आहे. त्याचे टार्गेट गेल्या वर्षीच पूर्ण झाले. पुढची नऊ वर्षे त्याच्या नाराजीसाठी ६० हजार भरणे हे नात्याचे मोल म्हणून मला जास्त वाटते.

८५ हजारांना पीसीसाठी हात लावू नका. २०१९ च्या महापुरात तुमच्या घराच्या तळमजल्यावर पाणी आले होते आणि वडिलांचे दुकान दोन महिने बंद राहिले, हे तुम्हीच लिहिता. २२ हजारांच्या घरखर्चाला ही रक्कम जेमतेम पावणेचार महिने पुरते. ती मुदत ठेवीत, हवी तेव्हा मोडता येईल अशी ठेवा.

आता पीसी. हळद पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, घालून भाव पाहत बसण्याची सांगलीची सवय जुनी आहे आणि हरिपूरच्या पेवांत हळद टिकतही असे. कॉटखाली ठेवलेली खोकी तशी टिकत नाहीत. त्यांची वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून चालू झाली आहे. स्वस्त मिळाले म्हणून चार भाग घेतले आणि ज्या दोन भागांवर खर्चाचा खरा भार आहे ते भाव उतरतील या आशेवर सोडले, ही त्यातली चूक. दिवाळीत १२ हजारांना सांगितलेली ३२ जीबी रॅम आज तुम्हाला ३४ हजारांना सांगतात, कारण सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांनी आपले उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवले आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याचे जाहीर केले. सेलमध्ये विक्रेता आपल्या नफ्यातले दोन-चार टक्के सोडतो. चिपचा भाव त्याच्या हातात नसतो. वाट पाहणाऱ्याला फळ मिळते, असेही घडले आहे: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची, म्हणजे ग्राफिक्स कार्डे राबवून नाणी मिळवण्याची, पद्धत सोडली आणि त्या सुमारास कार्डांचे फुगलेले भाव खाली आले. पण दिवाळीशी त्याचा संबंध नव्हता.

म्हणून भावाचा अंदाज सोडून यादी कापा. फुल एचडी मॉनिटरसाठी तुमच्या यादीतल्या आरटीएक्स ५०७० या महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. आरटीएक्स ५०६० च्या वर्गातले कार्ड निम्म्या पैशांत येते. तुमचा बोर्ड एएम-फाइव्ह (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांसाठीचा) असल्याने जुनी, स्वस्त डीडीआर-फोर रॅम त्यावर बसणार नाही, पण डीडीआर-फाइव्ह १६ जीबी घेऊन काम सुरू करता येते. माझ्या हिशोबाने १ लाख २० हजारांची यादी ७२ हजारांवर येते. दरमहा उरणारे दहा हजार, टर्म विम्याचे बाजूला काढून, साधारण आठ महिने साठले की तेवढे जमतात. योगायोगाने तेव्हा दिवाळीच असेल. त्या दिवशी जो भाव असेल त्याने उरलेले सगळे भाग एकदम, रोखीने घ्या.

ईएमआय 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी, असल्याचे तुम्ही लिहिता. साठ हजारांवर वर्षाचे व्याज पाच हजारांच्या घरात होते. ते सवलत म्हणून वजा दाखवतात, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खात्यातून जाते, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा तुम्हाला मिळत नाही. एखाद्या महिन्यात बिल थकले, तर क्रेडिट कार्डाचे व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या पुढे जाते. राहिले यूट्यूब चॅनल, ज्यातून वर्षभरात पीसीचा खर्च निघेल असे तुम्ही धरले आहे. जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठीच १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज) लागते. माझ्या हिशोबात त्या रकान्यात शून्य आहे.

मदरबोर्डचे खोके मात्र दिवाळीपर्यंत बंद ठेवू नका. ते याच आठवड्यात एखाद्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात न्या, त्यांचा प्रोसेसर आणि रॅम लावून बोर्ड व एसएमपीएस चालतात का ते पाहा, आणि दोनशे-तीनशे रुपये मागितले तर द्या. बोर्डात दोष असलाच, तर तो वॉरंटीचे एक वर्ष वाया गेल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेला परवडेल.